बारीक रेघ सांभाळा: जाड-बारीक बोल्ड इटॅलिक सेरिफमध्ये मथळा बसवण्याची पद्धत

जाड रेघ भरदार (बोल्ड), बारीक रेघ केसासारखी, रेघांच्या टोकांना छोटे फाटे (सेरिफ) आणि सगळं अक्षर पुढे झुकलेलं (इटॅलिक), असा फॉन्ट मथळ्याला निवडणं सोपं आहे, तो नीट बसवणं अवघड. तपासायला येणाऱ्या कामांत मला बहुतेक वेळा फॉन्टची निवड बरोबर दिसते आणि क्रम चुकलेला दिसतो. आधी अक्षरांमधलं अंतर लावलेलं असतं आणि मग आकार बदललेला असतो. आधी फोटोवर मजकूर टाकलेला असतो आणि मग तो वाचता येत नाही म्हणून अक्षरांभोवती कड ओढलेली असते. अशा कामात शेवटी सगळं पुन्हा करावं लागतं.

या अक्षरांची मजा त्यांच्या बारीक रेघेत आहे. जाड रेघ कुठेही तग धरते. बारीक रेघ तुटली, फुगली किंवा पार्श्वभूमीत विरली की उरते ती नुसती काळ्या ठोकळ्यांची रांग. म्हणून खालची प्रत्येक पायरी करताना एकच गोष्ट बघायची: या बदलानं बारीक रेघेचं काय झालं?

१. मजकूर आधी पक्का करा

फॉन्टला हात लावण्यापूर्वी मथळ्याचा शेवटचा शब्दही ठरलेला असावा. या प्रकारच्या अक्षरांत एक अक्षर बदललं तरी आजूबाजूची सगळी जुळणी बदलते.

तीन ते आठ शब्द हे या फॉन्टसाठी चांगलं माप आहे. दहा-बारा शब्दांचा मथळा असेल तर त्यातले दोन-तीन महत्त्वाचे शब्द या फॉन्टमध्ये घ्या आणि बाकीचे साध्या उभ्या अक्षरांत ठेवा. सलग चार ओळी अशा अक्षरांत वाचताना डोळा प्रत्येक जाड रेघेवर अडखळतो.

रोमन लिपीतला मजकूर सगळा कॅपिटलमध्ये लावू नका. इटॅलिकचा डौल स्मॉल अक्षरांत असतो: तिथे रेघा एकमेकींत वळतात, शेपट्या निघतात. कॅपिटल अक्षरं म्हणजे बव्हंशी झुकलेले खांब. ते ओळीनं लावले की मथळा कलंडलेल्या कुंपणासारखा दिसतो.

आता मजकुरातलं प्रत्येक चिन्ह फॉन्टमध्ये आहे का ते पाहा. मराठी किंवा संस्कृत नावं रोमन लिपीत लिहिताना ए आणि आय या अक्षरांवर आडवी रेघ, टी-डी-एनखाली टिंब अशी चिन्हं लागतात. ती नसली तर सॉफ्टवेअर न सांगता दुसऱ्या फॉन्टमधून अक्षर उचलतं आणि मथळ्यात एकच अक्षर परकं दिसतं. सरळ अवतरणचिन्हंही इथेच वळणदार करून घ्या.

*तपासणी: मजकुरातली सगळी वेगवेगळी अक्षरं आणि चिन्हं एका ओळीत टाइप करा. वजन (रेघांची जाडी) किंवा झुकाव वेगळा दिसणारं चिन्ह त्या फॉन्टमधलं नाही.*

२. बोल्ड इटॅलिक खरं आहे की नकली, ते ओळखा

सर्वांत जास्त मथळे इथेच बिघडतात, म्हणून इथे थोडं थांबू.

खरं इटॅलिक म्हणजे वेगळी रेखाटलेली अक्षरं. उभं अक्षर नुसतं वाकवलं की इटॅलिक होत नाही. तुमच्याकडे इटॅलिकची फाइल नसताना इटॅलिकचं बटण दाबलं, तर अनेक सॉफ्टवेअर आणि जवळपास सगळे ब्राउझर उभं अक्षर गणितानं तिरपं करून देतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे रोमन लिपीतलं स्मॉल ए. बहुतेक सेरिफ फॉन्टांत उभं स्मॉल ए दुमजली असतं: खाली पोट आणि वर छत. इटॅलिकमध्ये ते एकमजली होतं. दुमजली ए तिरपं झालेलं दिसलं, तर नकलीचा संशय घ्या. दुसरी खूण स्मॉल एफ: खऱ्या इटॅलिकमध्ये त्याची शेपटी बऱ्याचदा ओळीच्या खाली उतरते.

नकली बोल्ड त्याहून वाईट. सॉफ्टवेअर अक्षराच्या चारी बाजूंनी सारखीच जाडी वाढवतं. समजा, एका अक्षराची जाड रेघ १८० एकक आणि बारीक २० एकक आहे. प्रमाण ९ : १. नकली बोल्डनं दोन्हींत ३० एककांची भर घातली तर जाड होते २१० आणि बारीक ५०. प्रमाण उरतं जेमतेम ४ : १. ज्या फरकासाठी हा फॉन्ट निवडला, तोच निम्म्याहून कमी झाला. खरा बोल्ड रेखाटणारा जाड रेघ वाढवतो आणि बारीक रेघेला जवळपास हात लावत नाही.

म्हणून निवड करताना त्या कुटुंबात नेमक्या कोणत्या शैली आहेत ते आधी वाचा. मोफत मिळणाऱ्या फॉन्टांपैकी प्लेफेअर डिस्प्लेमध्ये उभं आणि इटॅलिक दोन्ही ४०० ते ९०० वजनांत मिळतं. बोडोनी मोडामध्येही वजनांची तीच श्रेणी इटॅलिकसह आहे. डीएम सेरिफ डिस्प्लेमध्ये इटॅलिक आहे, पण वजन एकच. तेच पुरेसं भरदार आहे, त्यावर बोल्डचं बटण दाबलं की नकली जाडी आलीच. एब्रिल फॅटफेस मोफत मिळतो तो उभ्या अक्षरांचा एकच फॉन्ट आहे. तो तिरपा दिसत असेल तर सॉफ्टवेअरनं वाकवलेला आहे, यात शंका नको.

वेबसाइटसाठी बोल्ड इटॅलिकची फाइल स्टाइलशीटमध्ये (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएस फाइलमध्ये) स्वतंत्र नोंदवावी लागते: वजन ७००, शैली इटॅलिक. सोबत फॉन्ट-सिंथेसिस (font-synthesis) हा गुणधर्म ‘नन’ (none) करून ठेवा. मग फाइल आली नाही तर ब्राउझर नक्कल करणार नाही, अक्षर उभं दिसेल आणि चूक लगेच तुमच्या नजरेस पडेल. नक्कल मात्र नजरेतून निसटते. ती ‘साधारण बरी’ दिसते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते.

देवनागरीबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्या लिपीत रोमनसारखी उभं आणि इटॅलिक अशी जोडी रूढ नाही आणि बहुतेक देवनागरी फॉन्टांत इटॅलिकची फाइलच नसते. त्यामुळे मिश्र मथळ्याला इटॅलिक लावलं की रोमन अक्षरं खरी आणि देवनागरी नकली तिरपी, अशी खिचडी होते. काने झुकतात, शिरोरेघ आडवीच राहते आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरात घुसतात. माझं मत स्पष्ट आहे: देवनागरी उभीच ठेवा आणि जाड-बारीक रेघांतल्या फरकानं दोन लिपींची जुळणी साधा. रोझा वनसारख्या फॉन्टमध्ये देवनागरीलाही तसाच ठळक फरक दिलेला आहे.

परवाना बघायलाही हीच वेळ. संगणकावर वापरण्याचा आणि वेबसाइटवर चढवण्याचा परवाना बऱ्याच विक्रेत्यांकडे वेगवेगळा असतो.

*सावधान: फॉन्टच्या यादीत ‘बोल्ड इटॅलिक’ किंवा ‘ब्लॅक इटॅलिक’ असं नाव स्वतंत्र दिसत नसेल, तर बी आणि आय ही बटणं दाबू नका.*

३. आकार बारीक रेघेवरून ठरवा

आकार ‘डोळ्याला बरा वाटेल तेवढा’ असा ठरवला तर स्क्रीनवर छान दिसतो आणि छापल्यावर फसतो. त्याऐवजी मोजा.

एक अक्षर १००० पिक्सेल आकारात लावा आणि त्यातली सर्वांत बारीक रेघ मोजा. बहुधा ती स्मॉल एन किंवा यूच्या जोडरेघेत, नाहीतर सेरिफच्या टोकाला सापडते. ती २२ पिक्सेल भरली, तर रेघ फॉन्टच्या आकाराच्या ०.०२२ पट आहे. आता कुठल्याही आकाराला या आकड्यानं गुणा. ७२ पॉइंटला रेघ १.५८ पॉइंट येते, म्हणजे निर्धास्त. १८ पॉइंटला ०.४ पॉइंटच्या आसपास.

पांढऱ्यावर काळी छपाई असेल तर ०.२५ पॉइंट ही किमान मर्यादा धरा. गडद रंगातून पांढरी अक्षरं काढायची असतील तर ०.५ पॉइंट, कारण शाई कडेनं आत सरकते आणि रेघ बुजवते. वरच्या उदाहरणातला १८ पॉइंटचा मजकूर काळ्या अक्षरांत निभावेल, उलट्या छपाईत तुटेल. तो २४ पॉइंटला नेला की रेघ ०.५३ पॉइंट होते आणि काम सुटतं. खडबडीत, शाई शोषणाऱ्या कागदावर धोका उलटा असतो: रेघ फुगते आणि अक्षरांची पोटं, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, भरून येतात. तिथे बोल्डऐवजी एक पायरी हलकं वजन घ्या.

स्क्रीनवर बारीक रेघ किमान एका पिक्सेलची असावी. ०.०२२ च्या रेघेला ४८ पिक्सेल आकार लागतो. मोबाइलवर मथळा २८ पिक्सेलवर आला तर अनेक जण घाबरतात, पण बहुतेक मोबाइलच्या पडद्यावर वेबपान मोजतं त्या एका (सीएसएस) पिक्सेलमागे आडवे-उभे दोन किंवा तीन खरे पिक्सेल असतात, त्यामुळे रेघ तगते. खरी अडचण येते साध्या मॉनिटरवरच्या मधल्या आकाराच्या उपमथळ्यांना. २४ पिक्सेलच्या उपमथळ्यात रेघ अर्ध्या पिक्सेलवर येते आणि राखाडी धुरकट होते.

त्यावरचा उपाय म्हणजे ऑप्टिकल साइज. काही फॉन्टांत एकाच अक्षराची छोट्या आकारासाठी वेगळी, जाडसर बारीक रेघेची आवृत्ती असते. बोडोनी मोडाच्या व्हेरिएबल फाइलमध्ये, म्हणजे वजन-आकार हवा तसा सरकवता येणाऱ्या एकाच फाइलमध्ये, हा अक्ष (सरकवायची पट्टी) ६ ते ९६ असा चालतो. ब्राउझर तो अक्ष आकाराप्रमाणे आपोआप लावतात. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र स्लायडर हातानं बघावा लागतो. ९६ वर अडकलेला स्लायडर आणि २४ पॉइंटचा मजकूर ही जोडी मी फार वेळा पाहिली आहे.

*सावधान: जागेत बसत नाही म्हणून अक्षर आडवं दाबू नका. दाबल्यावर उभ्या जाड रेघा बारीक होतात, आडव्या तशाच राहतात आणि झुकावही बदलतो. शब्द कमी करा, नाहीतर मुळात अरुंद रेखाटलेला फॉन्ट घ्या.*

४. अक्षरांची पर्यायी रूपं आधी निवडा

लांब शेपटीची अक्षरं, लिगेचर (दोन अक्षरं जोडून केलेलं एकच रूप), आकड्यांची रूपं हे सगळं अंतराच्या आधी. अक्षराचं रूप बदललं की शेजाऱ्याशी असलेलं अंतर नव्यानं लावावं लागतं.

नक्षीदार शेपटी शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटी शोभते, मधल्या अक्षराला लावली तर शेजारची बारीक रेघ तिच्याखाली दबते. मथळ्यात एक पुरते. ॲम्परसँड (&) असेल तर इटॅलिकमधला जरूर वापरा, बहुतेक फॉन्टांत ते सर्वांत देखणं चिन्ह असतं. आकडे ओळीच्या वर-खाली होणारे की सगळे एका उंचीचे, तेही इथेच ठरवा. स्मॉल अक्षरांसोबत पहिले आणि नुसत्या आकड्यांच्या मथळ्यात दुसरे बरे.

५. ओळी तोडा, मग ओळींमधलं अंतर

अर्थाच्या जागी ओळ तोडा. विशेषण वर आणि नाम खाली असं झालं की ठळक अक्षरांत ते फार खटकतं. शेवटच्या ओळीत एकटा छोटा शब्द नको.

ओळींमधलं अंतर आकाराच्या ०.९५ ते १.१ पट ठेवून बघा. खरा प्रश्न आकड्याचा नसून वरच्या ओळीची शेपटी आणि खालच्या ओळीचं उंच टोक नेमकं कुठे भेटतं याचा आहे. स्मॉल जी किंवा वायखाली एल किंवा बी आलं की टक्कर होते. अशा वेळी सगळ्या ओळी लांब नेण्याऐवजी ओळ एका शब्दानं अलीकडे-पलीकडे तोडून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यानं शेपटी मोकळ्या जागेत पडते.

६. सगळ्या अक्षरांचं अंतर एकत्र लावा

ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं अंतर) आधी, कर्निंग (एकेका जोडीतलं अंतर) नंतर. हा क्रम उलटा झाला की हातानं केलेलं सगळं काम वाया जातं.

डिस्प्लेसाठी, म्हणजे मोठ्या आकारासाठी, काढलेले फॉन्ट मुळातच घट्ट असतात, त्यामुळे शून्यापासून सुरुवात करा. मोठ्या आकाराला एमच्या (फॉन्टच्या आकाराएवढ्या मापाच्या) एक-दोन टक्क्यांनी, म्हणजे हजारांश मापात १० ते २० नं कमी करून बघा. बोल्डमध्ये अक्षरांची पोटं लहान असतात. अक्षरांमधली जागा त्या पोटांतल्या जागेइतकीच वाटली पाहिजे. त्याहून कमी केली तर शेजारच्या सेरिफ चिकटतात आणि दोन बारीक रेघा मिळून एक जाड रेघ दिसू लागते.

अंतर वाढवत असाल तर लिगेचर बंद करा. नाहीतर बाकी अक्षरं मोकळी आणि एफ-आयची जोडी एकमेकांना बिलगलेली, असं दिसतं.

७. जोड्यांचं कर्निंग हातानं

सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑप्टिकल’ आणि ‘मेट्रिक्स’ असे पर्याय असतील तर चांगल्या बनावटीच्या फॉन्टला मेट्रिक्स ठेवा. त्यात अक्षरं रेखाटणाऱ्यानं स्वतः ठरवलेली अंतरं असतात. ऑप्टिकल पर्याय आकृत्यांमधली जागा मोजतो. इटॅलिकच्या बाहेर निघालेल्या बारीक शेपट्यांपाशी त्याचा अंदाज अनेकदा चुकतो.

मग या जोड्या तपासा. स्मॉल एफनंतर उंच अक्षर, बंद होणारं अवतरणचिन्ह, प्रश्नचिन्ह किंवा कंस. एफचं डोकं पुढे इतकं झुकतं की ते पुढच्या चिन्हावर आदळतं. कॅपिटल टी, व्ही, डब्ल्यू, वायनंतर स्मॉल अक्षर: इथे खाली पोकळी राहते. आणि इटॅलिक शब्द संपून उभा शब्द सुरू होतो ती जागा: झुकलेलं शेवटचं अक्षर उभ्या अक्षराच्या अंगावर येतं, तिथे किंचित जागा वाढवावीच लागते.

अंतर पारखताना उभी पट्टी डोळ्यांपुढे धरू नका. इटॅलिकमधली मोकळी जागाही झुकलेली असते, म्हणून दोन जाड रेघांमधला तिरपा पट्टा बघायचा. मथळा उलटा करून पाहा. अर्थ वाचता येईनासा झाला की जागा दिसू लागते. मग तीन-तीन अक्षरं उघडी ठेवून बाकी झाका आणि मधलं अक्षर खरंच मध्ये आहे का ते बघत पुढे सरका. एका वेळी ५ ते १० हजारांशच हलवा.

कुठल्या जोडीपासून सुरुवात करावी? जी कमी करताच येत नाही अशा सर्वांत सैल जोडीपासून. ती हे मथळ्याचं माप. बाकीच्या जोड्या तिच्याजवळ आणा.

*तपासणी: डोळे किलकिले करून पाहा. मथळा सारख्या करड्या पट्ट्यासारखा दिसावा. काळा डाग दिसला तिथे अंतर कमी आहे, पांढरं भोक दिसलं तिथे जास्त.*

८. कडा आणि मध्य

सॉफ्टवेअरनं डावीकडे जुळवलेल्या इटॅलिकच्या ओळी डोळ्याला जुळलेल्या दिसत नाहीत. एका ओळीचं पहिलं अक्षर खालून डावीकडे पाय पसरतं, दुसरीचं वरून आत झुकतं. प्रत्येक ओळ हातानं किंचित सरकवा आणि अवतरणचिन्ह कडेच्या बाहेर टांगा. मध्यभागी ठेवलेल्या मथळ्याचा वरचा भाग बहुधा उजवीकडे कलल्यासारखा वाटतो. सगळा मथळाच थोडा डावीकडे घ्या.

९. रंग आणि पार्श्वभूमी

गजबजलेल्या फोटोवर बारीक रेघ हरवते. तिथे सावली किंवा कड लावून ती वाचवण्याचा मोह आवरा. कड म्हणजे पुन्हा नकली बोल्डच. फोटोतली शांत जागा शोधा, तो भाग गडद किंवा फिका करा किंवा मथळा फोटोच्या बाहेर काढा.

छपाईत लहान अक्षरं एकाच शाईत ठेवा. दोन-तीन शाया मिसळून केलेल्या रंगात छपाई केसभर जरी सरकली तरी बारीक रेघेच्या बाजूला दुसऱ्या रंगाची रेघ उमटते.

१०. बाहेर काढण्यापूर्वी

छपाईला पाठवताना मजकुराचं आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचं आकृत्यांत रूपांतर करा, पण बदलता येणारी मूळ प्रत वेगळी जपा. व्हेरिएबल फॉन्टचं आउटलाइन केलं तर अक्षरातले तुकडे एकमेकांवर चढलेले राहू शकतात. ते एकत्र करून घ्या, नाहीतर पारदर्शक रंगात सांधे दिसतात.

चित्र म्हणून द्यायचं असेल तर एसव्हीजी किंवा पीएनजी. जेपीजीच्या दाबानं बारीक रेघांभोवती मळकट ठिपके उठतात.

वेबवर शेवटचं अक्षर कापलं जातंय का ते पाहा. इटॅलिकचं टोक चौकटीबाहेर जातं. चौकटीला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारं लपवा) लावलेलं असलं किंवा अक्षरांत ग्रेडियंट भरलेला असला, तर ते टोक छाटलं जातं. उजवीकडे ०.१ ते ०.२ एम पॅडिंग (चौकटीच्या आतली मोकळी जागा) दिलं की बहुतेक वेळा सुटतं. ओळींमधलं अंतर घट्ट असेल तर खालच्या शेपट्यांसाठी खालीही तेवढंच द्या.

मग छापायचा मथळा खऱ्या आकारात कागदावर काढा, भिंतीला लावा आणि तीन मीटरवरून वाचा. स्क्रीनसाठीचा मथळा एखाद्या साध्या, जुन्या मॉनिटरवर १०० टक्के झूमला उघडा आणि स्मॉल एनची जोडरेघ शोधा. ती सलग दिसली तर फाइल पाठवा. मध्येच तुटलेली दिसली तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर जा आणि तिथून खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमानं करा.